बेटाची निवड

गेल्या चैत्रांत तोरणमाळला यशवंत तलावाच्या कांठीं आम्ही दोन दिवस मुक्कामास होतों. शहाद्याहून सातपुड्याचा घाट चढून साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवर आलें कीं खानदेशची धग मागें सुटते, आणि ऐन उन्हाळ्यांतहि सकाळीं अंगावर उपरणें घ्यावेंसें वाटतें. शेजारच्या खोल्यांत खालच्या केळीच्या मुलखांतील एक सुखवस्तु कुटुंब उतरलें होतें. तलावाकडे तोंड करून तीं मंडळी चहा घेत बसलीं होतीं, आणि त्यांचा वाद चालला होता तो असा : येत्या दिवाळीच्या सुटींत कोणत्या बेटावर जावयाचें? मुलगा मालदीवच्या बाजूचा होता, सुनेचा कौल बालीला होता. वडील अंदमानवर ठाम होते. सावरकरांची कोठडी डोळ्यांनीं पाहिल्यावांचून मरावयाचें नाहीं, असा त्यांचा निश्चय होता. म्हातारी आई बराच वेळ गप्प होती. शेवटीं ती म्हणाली, "कुठंही न्या रे बाबांनो, पण तिथलं पाणी गोड असेल ना?" सारे हंसले. हॉटेलांत बाटलीचें पाणी मिळतें, असें मुलानें तिला समजावून सांगितलें, आणि वाद पुन्हा होता तेथें गेला.

त्या हंसण्याविरुद्ध हा लेख आहे. कुटुंब सज्जन होतें, आणि कष्टाच्या पैशानें चार दिवस समुद्रकांठीं घालविण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारीत नाहीं. परंतु तासाभराच्या त्या चर्चेंत खुद्द बेटाविषयीं विचारलेला प्रश्न एकच होता, आणि तोच हास्यास्पद ठरला. बाकीचें सारें बोलणें छायाचित्रांचें होतें : कोठल्या पाण्याचा रंग अधिक निळा, कोठें लांकडी खोल्या थेट समुद्रांत उभारल्या आहेत, कोठें जाऊन आल्यानें सोयऱ्याधायऱ्यांत मान वाढतो. स्थळ पाहावयास गेलेल्यानें मुलीचा फोटो पाहावा आणि तिचें नांवहि न विचारतां परत यावें, त्यांतलाच हा प्रकार!

हा दोष एका घराचा नव्हे. जानेवारी २०२४ मध्यें पंतप्रधानांनीं लक्षद्वीपास भेट दिली; त्यावर मालदीवच्या कांहीं उपमंत्र्यांनीं अनुदार उद्गार काढले; त्यांना तेथील सरकारनें निलंबितहि केलें. पण तेवढ्यांत आमच्याकडे मालदीवचे बेत रद्द करून लक्षद्वीपची चौकशी करण्याची लाट उसळली. त्या आठवड्यांत दोन्हीं ठिकाणच्या वाळूचा एक कणहि बदलला नव्हता. आम्ही एका बेटावर रागावलों, म्हणून दुसऱ्या बेटावर प्रेम करूं लागलों. त्या दुसऱ्या बेटांची शक्ति केवढी? सगळी जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, वस्ती १० बेटांवर, आणि २०११ च्या शिरगणतींत माणसें चौसष्ट हजारांवर. एवढ्याशा जमिनीला आमच्या देशाभिमानाचा भार कितपत पेलेल, हा विचार त्या लाटेंत फारच थोड्यांना सुचला.

आतां म्हातारीच्या प्रश्नाकडे वळूं. प्रवाळाच्या बेटावर नदी नसते, ओढा नसतो. पावसाचें पाणी वाळूंतून झिरपतें, आणि खालच्या खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्याच्यावर पातळ थरानें तरंगत राहतें. विहीर काय ती या थरापुरती. उपसा जास्त झाला कीं खालचें खारें पाणी वर चढतें आणि विहीर नासते. लक्षद्वीपांतील कवरत्तीला २००५ सालीं समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडें पाणी करणारें यंत्र बसवावें लागलें, तें याच अडचणीपायीं. मालदीवची राजधानी माले ही तर अशाच यंत्रांवर जगते. डिसेंबर २०१४ मध्यें तेथील यंत्रशाळेंत आग लागली. तेव्हां सुमारें लाखभर माणसांचे नळ कोरडे पडले, आणि भारताला विमानांनीं व जहाजांनीं पिण्याचें पाणी पोंचवावें लागलें. ज्या देशांत असा प्रसंग येऊन गेला त्या देशाविषयीं पाण्याचा प्रश्न विचारणारी बाई अडाणी, आणि तिला हंसणारे शिकलेले!

बेट निवडण्याचें एक ठळक उदाहरण आमच्याच इतिहासांत आहे. शिवाजी महाराजांनीं मालवणासमोरचें कुरटें बेट निवडलें, आणि १६६४ सालीं तेथें सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला. चहूंकडे खारा समुद्र, आणि कोटाच्या आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! आजचे प्रवासी होडीनें तेथें जातात, विहिरींत डोकावतात, नवल करतात आणि परत येतात. परंतु ज्याला बेटावर माणसें ठेवावयाचीं असतात त्याची पहिली चौकशी पाण्याचीच असावयाची. म्हातारीचा प्रश्न हा असा किल्लेदाराचा प्रश्न होता.

पाण्याच्या पाठोपाठ केराचा प्रश्न येतो. मुलानें आईला ज्या बाटलीचा दिलासा दिला ती बाटली रिकामी झाल्यावर कोठें जाते? तोरणमाळला बाटली घाट चढून येते. परत घाट उतरतांना ती क्वचितच दिसते. बेटावर तर तिला उतरावयास घाटहि नाहीं. माले शहराजवळचें थिलाफुशी हें बेट शहराच्या व हॉटेलांच्या कचऱ्याच्या भरावानें उभें राहिलें आहे. बालींत २०१७ च्या अखेरीस नांवाजलेल्या किनाऱ्यांवर प्लास्टिकच्या राशी येऊन पडल्या, आणि तेथील अधिकाऱ्यांना कचऱ्याची आणीबाणी पुकारावी लागली. छायाचित्रांत हें दिसत नाहीं, कारण छायाचित्र घेणारा त्या बाजूला पाठ करून उभा असतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : तें बेट कोणाचें? वडिलांच्या अंदमानच्या ओढीविषयीं आम्हांस आदरच आहे. १९११ पासून १९२१ पर्यंत जेथें सावरकर बंदिवासांत होते तेथें मराठी माणसानें जाऊन मस्तक लववावें, हें स्वाभाविक आहे. परंतु त्याच अंदमानांत जारवा स्त्रियांना खाण्याचें आमिष दाखवून प्रवाशांपुढें नाचावयास लावल्याचीं चलचित्रें २०१२ सालीं जगानें पाहिलीं. तीं माणसें कोणाच्या बंदींत नव्हतीं. आपल्या स्वतःच्या रानांत होतीं. सकाळीं कोठडीपुढें हात जोडावयाचे, आणि दुपारीं रस्त्याच्या कडेच्या माणसाकडे पिंजऱ्यांतल्या जनावराकडे पाहावें तसें पाहावयाचें, हें एकाच सहलींत बसूं शकतें, ही गोष्ट मनाला खाते.

हें सारें तोरणमाळला बसून लिहावयास एक विशेष कारण आहे. येथून उत्तरेस सातपुड्याच्या रांगा नर्मदेकडे उतरतात. सरदार सरोवराच्या फुगवट्याची झळ महाराष्ट्रांतील ज्या ३३ गांवांना लागली तीं याच अक्राणी आणि शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यांतलीं. १९९३ च्या पावसाळ्यांत मणिबेलींत घरें बुडालीं. २०१९ च्या सप्टेंबरांत धरण १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस प्रथमच भरलें. पाणी चढत गेलें तसतसे डोंगरांचे कांहीं माथे चोहोंकडून वेढले गेले. बाजाराला होडी, दवाखान्याला होडी. अखेर सरकारलाच पाण्यावर तरंगता दवाखाना चालवावा लागला. भूगोलाच्या पुस्तकांत अशा जागेला बेटच म्हणतात. तेथल्या पावऱ्याला किंवा भिलाला, बाबा, तूं कोणतें बेट निवडतोस, असें कोणी विचारलें नाहीं. बेटच त्याच्या घरीं चालून आलें. आणि येथून कांहीं कोसांवर हें घडलेलें असतां, त्याच डोंगरावर बसून तासभर बेटांची चर्चा करणाऱ्या आम्हां शिकलेल्यांच्या तोंडीं त्या बेटाचें नांवहि येत नाहीं! बेट म्हणजे दूरचें, निळें आणि निर्मनुष्य, अशी आमची समजूत होऊन बसली आहे.

यावर कोणी म्हणेल, बेटावरचीं माणसें प्रवाशांवरच पोट भरतात. तुमच्या या चौकशांनीं लोक घरीं बसले, तर त्या नावाड्यानें काय खावें? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही कोणालाहि घरीं बसा म्हणत नाहीं. नावाड्याचें अन्न आमच्या चौकशीनें तुटत नाहीं. तें आमच्या लहरीनें तुटतें, आणि २०२४ च्या लाटेंत आम्ही तेंच करावयास निघालों होतों. दुसरा कोणी म्हणेल, वर्षभर राबणाऱ्यानें सुटींतहि जगाची काळजी वाहावी काय? आमचें उत्तर असें कीं, पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या घरीं उतरणारा मनुष्य घरांत पाणी किती आहे हें पाहूनच स्नान करतो. त्यानें त्याचें सुख कमी होत नाहीं, आणि यजमानाला त्याचें ओझें होत नाहीं.

तेव्हां ज्यांना जावयाचें आहे त्यांनीं खुशाल जावें. पण तिकीट काढण्यापूर्वीं पाणी कोठून येतें, केर कोठें जातो आणि मुक्कामाचा पैसा कोणाच्या हातीं पडतो, हे तीन प्रश्न विचारावे. मालदीवला जाणाऱ्यानें हॉटेलच्या बेटाऐवजीं वस्तीच्या बेटावर घरगुती उतारा पाहावा. २००९ नंतर तसे उतारे मिळूं लागले आहेत. लक्षद्वीपास जाण्याला परवाना लागतो म्हणून कुरकुरूं नये. इवल्या विहिरींच्या मुलखाला तेवढें कुंपण हवेंच. आणि ज्याला मॉरिशस परवडतें त्यानें तेथें मराठी घरें शोधावीं. एकोणिसाव्या शतकांत ऊंसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या आमच्या माणसांची वंशवेल त्या बेटावर नांदते आहे, आणि गणेशचतुर्थीला तेथें सार्वजनिक सुटी असते. आमच्या सहलींच्या पत्रकांत तेथील किनारा असतो. हे आप्त क्वचितच असतात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें कुटुंब निघालें. सामान गाडींत चढेपर्यंत म्हातारी रस्त्यावर उभी होती. डोक्यावर हंडा घेऊन एक पावरा बाई समोरून आली. "पाणी लांबून आणतेस का ग?" म्हातारीनें विचारलें. बाईनें मान हलवून खालच्या झऱ्याकडे हात केला. दोघी तशाच उभ्या राहून कांहीं वेळ बोलत होत्या; काय बोलल्या तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. मग गाडीचें शिंग वाजलें. त्या घरांत शेवटीं कोणतें बेट ठरलें, हें आम्हांस ठाऊक नाहीं. तिकिटें काढण्याचें काम मात्र मुलानें म्हातारीकडे सोंपवावें, एवढेंच आमचें मागणें आहे.