गाण्याचे भय

चिलीतील लोकनियुक्त समाजवादी अध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे यांचे सरकार लष्कराने ११ सप्टेंबर १९७३ रोजी उलथून टाकले. त्यानंतर काही दिवसांतच व्हिक्टर हारा या गायकाचा खून करण्यात आला. सांतियागोतील एका क्रीडागारात हजारो कैद्यांसमवेत त्याला डांबून मारहाण झाली व त्याच्या देहात चाळीसहून अधिक गोळ्या घालण्यात आल्या. रणगाडे आणि विमाने हाती असलेल्या सत्तेला एका गायकाचे एवढे भय का वाटावे?

याचे उत्तर त्याच्या गाण्यांच्या आशयात सापडते. १९७२ सालच्या त्याच्या 'ला पोब्लासियोन' या गीतमालिकेचा विषय होता राजधानीच्या कडेला मोकळ्या जमिनीवर बिऱ्हाडे थाटणारी बेघर कुटुंबे. १९६७ च्या त्या लढ्यात एक तान्ही मुलगी दगावली आणि वस्तीने तिचेच नाव धारण केले. तेथील रहिवाशांचे बोलही हाराने ध्वनिमुद्रिकेत घेतले. जमीन, घर, मजुरी हे प्रश्न कष्टकऱ्यांच्या स्वतःच्या आवाजात मांडले गेले की त्यांचे याचनेचे रूप जाऊन त्यांना हक्काचे रूप येते. पिनोशेच्या राजवटीला नेमके हेच नको होते. कारण मजुरी दाबून आणि कामगार संघटना मोडूनच तिला मुक्त बाजाराचे धोरण राबवावयाचे होते.

दडपशाहीत गाणे मात्र संपले नाही. हाराची पत्नी जोन हिने त्याच्या ध्वनिफिती देशाबाहेर नेल्या. इंती-इयिमानी व किलापायून ही पथके परदेशी दौऱ्यावर असल्याने बचावली आणि इटली व फ्रान्समधून गात राहिली. देशात चरांगो, केना ही लोकवाद्येही संशयास्पद ठरली, तेव्हा त्याच वाद्यांवर चर्चमध्ये बाखचे संगीत वाजविले गेले. १९७८ साली बेपत्ता कैद्यांच्या घरच्या स्त्रियांनी 'क्वेका' हे जोडीने करावयाचे लोकनृत्य एकटीने केले. जोडीदाराची रिकामी जागाच सरकारला जाब विचारीत होती.

तथापि केवळ गाण्याने हुकूमशाही कोसळते, हा समज भाबडा होय. ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी पिनोशेला नकार दिला, त्यामागे मतदारनोंदणीपासून मतमोजणीवरील देखरेखीपर्यंतचे चिवट संघटनात्मक काम होते. गाण्याने पंधरा वर्षे स्मृती जागती ठेवली. तिला मतपेटीपर्यंत नेले ते कार्यकर्त्यांनी. न्याय त्याहूनही संथ ठरला. हाराच्या खुनाबद्दल माजी लष्करी अधिकाऱ्यांना झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली ती २०२३ साली, पन्नास वर्षांनी. तत्पूर्वी २०१९ मध्ये मेट्रोच्या भाडेवाढीतून भडकलेल्या आंदोलनात सांतियागोचे रस्ते हाराच्याच गाण्याने दुमदुमले होते.

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीलाही कलापथकांची थोर परंपरा आहे. परंतु वक्ते येईपर्यंत श्रोत्यांना बसवून ठेवण्याचे साधन, एवढेच स्थान गाण्याला उरत असेल, तर चळवळीने वस्तीचे ऐकणे सोडले आहे, असेच म्हणावे लागेल. कार्यकर्त्यांनी वस्तीत गाणे घेऊन जरूर जावे; मात्र त्याआधी तेथे काय गायले जात आहे, ते ऐकावे.