अकस्मात मृत्यूचा तपास तपासणार कोण?

"अकस्मात मृत्यूची नोंद झाली असून पुढील तपास सुरू आहे." पेपरातलं हे वाक्य मुंबईकराला पाठ आहे. बिल्डिंगवरून पडलेला पोरगा, खाडीत सापडलेला मृतदेह, बांधकामाच्या साइटवर गेलेला मजूर, सगळ्या बातम्यांचा शेवट हाच. त्या 'पुढील तपासा'चं पुढे काय झालं, ते मात्र क्वचितच छापून येतं.

१९९९ पर्यंत या शहरात कोरोनर होता. १८७१ च्या कायद्याने नेमलेला, पोलीस खात्याबाहेरचा अधिकारी. साक्षीदाराला बोलावून शपथेवर विचारायचा, माणूस कधी, कुठे, कसा मेला? ते पद रद्द झालं.

आता काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. पंचनामा पोलिसांचा, जबाब पोलिसांनी घेतलेले आणि मुंबईत त्या कागदांवर दंडाधिकारी म्हणून बसणार सहायक पोलीस आयुक्त. म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकाच घरचा!

कोणी म्हणेल, कोरोनर इंग्रजांचा वारसा होता, बरं झालं गेला. अहो, मग पोलिसी पंचनाम्याची पद्धत काय पेशव्यांची आहे का? इंग्रजांचं नको ते ठेवलं आणि हवं ते घालवलं.

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, असं कायदाच सांगतो. पोलिसांची चौकशी पोलिसांनीच करू नये, हे त्याला कळतं. मग पोलिसांनी घाईत 'आत्महत्या' लिहून मिटवलेल्या मृत्यूला बाहेरचा डोळा का नको?

मी पोलिसांना चोर म्हणत नाही. बंदोबस्त, कोर्टाच्या तारखा आणि डोक्यावर दहा गुन्हे घेऊन फिरणारा उपनिरीक्षक तरी किती बघणार? पण माझ्या ओळखीतलं एक कुटुंब वर्षभर चौकीच्या पायऱ्या झिजवत होतं. उत्तर ठरलेलं, "व्हिसेराचा रिपोर्ट आला की बघू." शेवटी फाइल बंद झाली, तेही त्यांनीच विचारलं तेव्हा कळलं.

मागणी साधी आहे. संशयास्पद मृत्यूची चौकशी पोलीस खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्या. सुनावणी उघड घ्या. फाइल बंद करण्याआधी घरच्यांचं म्हणणं ऐका आणि अंतिम अहवालाची प्रत त्यांच्या हातात द्या.

निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा. रस्ते-गटारांवर बोलतात ना, यावरही बोलू द्या.