उमेदवाराची संध्याकाळ

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाईचा तरुण उन्हाळी उमेदवारीसाठी मुंबईस आला, तर दिवसा तो कचेरी शिकेल. शहर त्याला भेटणार ते संध्याकाळीच. जहांगीर कलादालनात प्रवेशमूल्य नाही, मरीन ड्राइव्हचा कट्टाही फुकट. परंतु तेथे पोहोचावयाचे कसे? २०२४ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत विद्यावेतन ठरले महिना ५००० रुपये. पैकी कंपनीचा वाटा अवघा ५००! एवढ्यात दक्षिण मुंबईत खाट तरी मिळेल काय? मग बिऱ्हाड बदलापुरास आणि संध्याकाळ लोकलच्या गर्दीत. आमच्या कोकणच्या चाकरमान्यांना गिरणगावात गावकीच्या खोल्यांनी थारा दिला होता. देडतलाईच्या पोराची गावकी येथे कोठली? कामाजवळ वसतिगृह देण्याचा भार कंपन्यांनीच उचलावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.