सागवान आणि गिरमिटाचें पोलाद

सिरोंच्याचें सागवान दिसावयास मऊ. रंध्याखालीं तें गुळगुळीत सोलतें, हाताला तेलकट लागतें, आणि तरीही हत्याराची धार तें फार लवकर खातें. याचें कारण त्याच्या पेशींत बसलेले सिलिकेचे, म्हणजे वाळूच्याच जातीचे, सूक्ष्म कण. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाकडील हें लाकूड ज्यांच्या दारांना, पेट्यांना आहे, त्यांनीं विजेचें ड्रिल हातीं घेण्यापूर्वी एवढें ध्यानांत ठेवावें.

सुताराचा सामता सावकाश फिरे. त्याचें पोलाद तापत नसे. विजेच्या ड्रिलचा बिट मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेतो. साधें पोलाद २००-२५० अंश सेंटिग्रेडच्या पुढें तापलें कीं त्याचें पाणी उतरतें. मग बिट लाकूड कापीत नाहीं, जाळतो. आजोबांच्या वेळच्या दाराला नवी कडी बसवितांना काळें पडलेलें भोंक पुन्हा पहिल्यासारखें होत नाहीं.

यावर तोड काढली ती अमेरिकेंतील बेथलेहेमच्या कारखान्यांत टेलर व व्हाइट यांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांचें हत्यार टोंक लाल झालें असतांही लोखंड कापीत होतें! पुढें रूढ झालेल्या या जातीच्या पोलादांत शेंकडा १८ टंगस्टन, ४ क्रोमियम व १ व्हॅनेडियम असे. आतां टंगस्टनची बरीच जागा मॉलिब्डेनमनें घेतली आहे. ‘एचएसएस’ अशीं अक्षरें कोरलेला बिट तो हाच. सुमारें ६०० अंशांपर्यंत त्याची धार टिकते.

सोनेरी रंगाला मात्र भुलूं नये. चांगल्या बिटावर तो टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर असतो. आंतलें पोलाद हलकें असेल तर वरचा रंग काय करणार?

सागवानांत बिट वारंवार बाहेर काढून भुसा झाडावा व पलीकडे लाकडाचा तुकडा धरावा, म्हणजे कड फुटत नाहीं. बिजागरीच्या लोखंडी पट्टीवर वेग कमी, दाब पक्का आणि तेलाचे दोन थेंब. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला हा बिट लावूं नये. तिला कार्बाइडच्या टोंकाचा निराळा बिट लागतो.

हें काम पुरुषांनींच करावें असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. फक्त पदर खोचलेला, केस बांधलेले आणि डोळ्यांवर चष्मा असावा. हातमोजे घालूं नयेत, ते फिरत्या बिटांत गुंततात.

बोथट झालेला बिट टाकूं नये. सहाणेच्या चाकावर त्याला पुन्हा धार लावतां येते. टोंकाचा कोन साधारण ११८ अंशांचा ठेवावा आणि दोन्ही पात्या सारख्या लांबीच्या घासाव्या. एक लांब राहिली तर भोंक बिटाहून मोठें पडतें व स्क्रू सैल बसतो.