मृगाआधी मातीचा नमुना काढा



ऊस कारखान्याला गेला, हरभरा-ज्वारी घरात आली, पऱ्हाट्या उपटून झाल्या. शिवार मोकळं आहे, पण फार दिवस राहणार नाही. मेअखेर रोहिणी लागते, पाठोपाठ मृग. एकदा खत पडलं, पाभर चालली, की नमुना काढायची वेळ गेली. आणखी एक हंगाम अंदाजावर. म्हणून ही कळकळीची विनंती: ३१ मेच्या आत आपापल्या शेतातला मातीचा नमुना प्रयोगशाळेत पोचवा.

आज खत कसं पडतं ते आपण सगळेच जाणतो. अनुदानामुळे युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, म्हणून हात सैल सुटतो. शेजाऱ्यानं दोन टाकल्या की आपण अडीच. चुनखडीच्या काळ्या रानातलं सोयाबीन जुलैत पिवळं पडलं की पुन्हा युरियाच फेकतो. तिथं जरा वाकून पान बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर बहुधा लोहाची कमतरता आहे. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे पिकाला लागू होत नाही. नत्र कमी पडलं असतं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी झाली असती. त्या रानात युरियाचे पैसे वाया जातात आणि पीक तसंच राहतं.

‘आमच्याकडे पत्रिका आहे’ असं अनेक जण सांगतात. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा १२ गोष्टी तपासतात. मात्र योजनेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरांना आणि जिरायतीत १० हेक्टरांना एक नमुना असा हिशेब होता. घरातली पत्रिका कदाचित चार बांधांपलीकडच्या मातीची असेल. तारीख आणि गट नंबर ताडून बघा.

नमुना असा काढा. काळं, मुरमाड, चोपण रान वेगवेगळं धरा. बांध, उकिरडा, झाडाची सावली आणि पाणी साचणारी जागा टाळा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारून वीतभर खोल, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीनं खरवडा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लाकडी काठी किंवा प्लास्टिकचं घमेलं वापरा. गंजक्या खुरप्यानं लोहाचा आकडा चुकतो. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. नमुना स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत भरलात, तर निकाल त्या गोणीचा येईल. फळबागेसाठी जास्त खोलीचे नमुने लागतात, ते कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

निकाल आला की आधी सेंद्रिय कर्बाचा आकडा वाचा. ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर रान उपाशी आहे. एका एकरातल्या वरच्या वीतभर मातीचं वजन सुमारे नऊ लाख किलो भरतं, कर्ब ०.४ वरून ०.५ वर न्यायचा तर सुमारे नऊशे किलो कर्ब जमिनीत टिकायला हवा. कुजताना बराचसा कर्ब हवेत उडतो, म्हणून हे एका वर्षाचं काम नाही. अशा वेळी उसाचं एकरी तीन-चार टन पाचट काडी लावून जाळणं आपल्याला परवडत नाही. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत पसरा. त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि चार किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या.

दर दोन-तीन वर्षांनी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा नमुना घ्या, तरच आकड्यांची तुलना होते. मधल्या काळात घरीही तपासा. पावसाळ्यात फूटभर लांब, रुंद, खोल खड्ड्यातली गांडुळं मोजा. वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या पेल्यात अलगद सोडा; लगेच विरघळून गाळ झाला तर माती धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. हे सगळं तारखेसह वहीत लिहा.

पुण्या-मुंबईत राहून गावची जमीन खंडानं देणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. एका वर्षाच्या बोलीवर कसणारा माणूस तुमच्या रानात शेणखत का घालेल? बोली तीन वर्षांची करा, तपासणीचा खर्च तुम्ही उचला, आणि पाचट-काड जाळायचं नाही अशी अट घाला. ग्रामपंचायतींनी एक दिवस ठरवून गावाचे नमुने एकाच गाडीनं पाठवावेत. साखर कारखान्यांच्या शेती विभागांनी उसाच्या नोंदीसोबत निकालाची प्रत मागावी.

जूनमध्ये प्रयोगशाळेत गर्दी होते आणि निकाल लांबतो. म्हणून याच आठवड्यात घमेलं घेऊन रानात जा, आणि निकाल हाती येईपर्यंत खताची एकही गोणी उधारीवर उचलू नका.