जुन्या खुर्चीला मापाचं कव्हर

घरात एखादी तरी जुनी खुर्ची अशी असतेच, की जी टाकवत नाही आणि पाहवतही नाही. सागवान अजून ठणठणीत, पण बैठकीचं कापड पार विरलेलं. मग ऑनलाइन स्ट्रेच कव्हर मागवायचा मोह होतो. जरा थांबा. ही खुर्ची बहुधा आजी-आजोबांची असते. उठताना ते खुर्चीच्या हातांवर सगळा भार देतात आणि गुळगुळीत पॉलिएस्टरचं कव्हर नेमकं तेव्हाच सरकतं. म्हणून कव्हर सुती हवं आणि मापात शिवलेलं हवं.

आधी खुर्ची हलवून पाहा. सांधे कुरकुरत असतील तर सुताराला बोलवा. कव्हरखाली खिळखिळेपणा फक्त लपतो.

कापड जाड कॅसमेंट किंवा डक घ्या. हात असलेल्या गादीच्या खुर्चीला 54 इंच पन्ह्याचं साधारण 6 मीटर लागतं, जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीला 2 मीटर पुरतं. कापण्याआधी ते धुवाच. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के सहज आटतं. मी राहते त्या लखनऊच्या चारबागमध्ये तर याला पर्यायच नाही. स्टेशनची वर्दळ, त्यात मे-जूनमधली लू, खिडकी बंद असली तरी धूळ आत येते आणि कव्हर दर पंधरा दिवसांनी धुवावं लागतं. आणि हो, लखनऊ म्हटल्यावर चिकनकारी आठवेल, पण ते नाजूक काम खुर्चीवर नको. टाके अडकून उसवतात.

चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचं कच्चं कव्हर करून बघा. (इथे अमीनाबादच्या दुकानात मांजरपाट मागून उपयोग नाही, ‘मारकीन’ म्हणावं लागतं!) जुनी चादरही चालेल. कापड उलट्या बाजूने खुर्चीवर पसरा, टाचण्या लावत बसवा, शिवणीसाठी 1 इंच सोडून खडूने खुणा करा आणि मगच कापा. जाड कापडाला मशीनची 16 नंबरची सुई लावा.

सगळी मेख आहे ती बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेत. तिथे कापड बेतशीर कापू नका. पाठीच्या आणि बैठकीच्या, दोन्ही तुकड्यांना 4-4 इंच जास्त ठेवा. शिवून झाल्यावर ते खाचेत खोचा आणि वर वर्तमानपत्राची घट्ट सुरळी दाबून बसवा. माणूस बसला की गादी दबते, तेव्हा हेच जादा कापड कामी येतं, नाहीतर शिवणीवर ताण येऊन कव्हर वर ओढलं जातं. खालून चारही पायांना नाड्या बांधा. इलॅस्टिक चार धुण्यांत सैल पडतं, नाडी पुन्हा आवळता येते. गाठ मात्र आतल्या बाजूला घ्या, कुणाचा पाय अडकायला नको.

आता स्वतः बसा आणि हातांवर जोर देऊन दोन-तीनदा उठा. कव्हर जराही सरकलं तर तिथे आणखी एक नाडी लावा.

उरलेल्या कापडाच्या हातांवर घालायच्या टोप्या शिवा, त्याही आतून नाडीने बांधायच्या. तेलकट डाग सगळ्यात आधी तिथेच पडतात, मग दर वेळी अख्खं कव्हर काढायला नको.