फॉरमॅट शेवटी, दुरुस्ती आधी

‘ताई, फॉरमॅट मारून ठेवा, संध्याकाळी नेतो,’ असं म्हणत लॅपटॉप काउंटरवर ठेवणारी माणसं मला रोज भेटतात. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बिघाड काय आहे हे अजून कुणी पाहिलेलं नसतं, उपाय मात्र घरूनच ठरवून आणलेला असतो. ही सवय ग्राहकाला आम्ही दुकानदारांनीच लावली आहे आणि ती आता मोडायला हवी. विंडोज बिघडलं म्हणून सी ड्राइव्ह पुसून टाकायची बहुतेक वेळा गरजच नसते, आणि पुसताना जे जातं ते परत आणून द्यायला मग कुणी येत नाही.

लोकांना वाटतं, डी ड्राइव्हमधलं तर राहते ना, मग झालं. पण आपण फाइल ठेवतो कुठे? डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये, नाहीतर डाउनलोड झाली तिथेच. या तिन्ही जागा सी ड्राइव्हमध्ये असतात. एखादा भला दुकानदार फायली आधी काढून ठेवेलही, पण प्रोग्रॅमचं काय? सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस असते, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर असतं, जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर असतो. हिंगणघाटच्या अडत्याकडे टॅली असते आणि तिचा डेटा बऱ्याचदा सी ड्राइव्हवरच पडलेला असतो. लग्नपत्रिका करणाऱ्याकडे श्रीलिपी असते. हे सगळं पुन्हा बसवायला गेलं की सीडी सापडत नाही, परवान्याचा क्रमांक सापडत नाही, आणि ज्यानं पहिल्यांदा बसवून दिलं होतं तो गाव सोडून पुण्याला गेलेला असतो.

बिघाड होतो कसा, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, लाइट येते-जाते, मृगाच्या आधीच्या वादळवाऱ्यात तर विचारूच नका. यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली असते. विंडोजचं अपडेट चालू असताना लाइट गेली की काही सिस्टिम फायली अर्धवट लिहिल्या जातात. मग निळा पडदा येतो, किंवा ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ म्हणत मशीन तिथल्या तिथे फिरत राहतं. एवढ्या हजारो फायलींत खराब झालेल्या असतात त्या मोजक्या.

त्या मोजक्या फायली बदलायची सोय विंडोजमध्येच आहे. आपल्या सिस्टिम फायलींचा एक साठा ते स्वतःजवळ बाळगून असतं. एसएफसी ही आज्ञा चालू फायली त्या साठ्याशी ताडून पाहते आणि बिघडलेली फाइल बदलते. साठाच खराब झाला असेल तर डीआयएसएम ही आज्ञा इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टकडून चांगल्या फायली आणून तो नीट करते. म्हणून आधी डीआयएसएम, मग एसएफसी. एवढ्यानं भागलं नाही तर चालू विंडोजच्या आतून विंडोजचंच सेटअप पुन्हा चालवायचं. त्याची आयएसओ फाइल मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळते. काय काय ठेवायचं असं सेटअप विचारतं, तेव्हा ‘फायली आणि अ‍ॅप्स’ हा पर्याय निवडायचा. विंडोज नव्यानं बसतं. फोटो, टॅली, श्रीलिपी, प्रिंटर जिथल्या तिथे राहतात.

इथे दोन ठिकाणी माणसं चुकतात. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून सेटअप चालवलं तर प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय मिळत नाही. ते विंडोजच्या आतूनच चालवावं लागतं. शिवाय आवृत्ती आणि भाषा जुळावी लागते. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ‘होम सिंगल लँग्वेज’ असतं, त्याला भलत्या भाषेची आयएसओ चालत नाही. आणि सेटिंगमधलं ‘रीसेट’ हे वेगळं प्रकरण आहे. त्यात ‘माझ्या फायली ठेवा’ म्हटलं तरी बसवलेले प्रोग्रॅम उडतात.

एका जुलैच्या अखेरीस देवळी तालुक्यातला एक सेवा केंद्रवाला मुलगा सीपीयू पोत्यात गुंडाळून दुचाकीवर घेऊन आला. पीक विम्याची मुदत संपायला आली होती. ‘ताई, लोकं दारात बसून आहेत. फॉरमॅट मारा, पण आजच द्या जी.’ सुरू केलं की निळा पडदा, पुन्हा सुरू केलं की पुन्हा निळा पडदा. मी आधी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवर मशीन सुरू केलं आणि त्याचा डेस्कटॉप उघडला. स्कॅन केलेले सातबारे, पासबुकं, पेरणीची स्वयंघोषणापत्रं, गावातल्या कितीतरी घरांचे कागद तिथे उघड्यावर पडले होते. ते सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवले. मशीनमधल्या डिस्कची तब्येत तपासली, ती ठणठणीत निघाली. मग रिकव्हरीच्या मेनूतून शेवटचं अपडेट काढलं आणि विंडोज कसंबसं उघडलं. दोन्ही आज्ञा झाल्या, रात्री सेटअप लावलं. सकाळी त्यानं ठशाचं यंत्र जोडून स्वतःचा अंगठा ठेवला. लाल दिवा लागला, ठसा उमटला. फॉरमॅट केलं असतं तर त्याचा तो दिवस एकेक ड्रायव्हर शोधण्यात गेला असता आणि लोक दारात बसून राहिले असते.

मोठ्यांचंही असंच असतं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ते 85 लाख होते. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. यावरचा उपाय काय निघाला? मशीन सेफ मोडमध्ये सुरू करून त्या कंपनीच्या फोल्डरमधली एक फाइल काढून टाकायची. जे मशीन सुरूच होत नाही त्यातलं सगळं गेलं असं धरून चालू नये, याचा याहून मोठा दाखला नको.

मग दुकानदार फॉरमॅट का मारतात? फॉरमॅटला तासभर लागतो आणि दर ठरलेला असतो. दुरुस्तीत अर्धा दिवस जातो, कधी रात्र जाते, टेबल अडकून पडतं. वर ग्राहक म्हणतो, ‘तुम्ही तं काहीच टाकलं नाही, पैसे कशाचे?’ हा प्रश्न जोपर्यंत विचारला जातो तोपर्यंत फॉरमॅटच मारला जाणार. याहून वाईट म्हणजे लॅपटॉपसोबत पैसे देऊन घेतलेलं अस्सल विंडोज पुसून त्यावर चोरीचं ‘प्रो’ टाकून दिलं जातं. मूळ परवाना त्या लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. हा धंदा माझाही आहे, तरी म्हणते, हे बंद झालं पाहिजे.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. डिस्कच मरायला टेकली असेल तर दुरुस्तीच्या आज्ञा तिच्यावर तासन्‌तास चालवल्यानं उरलेला डेटाही जातो. तिथे आधी डेटा काढून डिस्क बदलावी. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस शिरला असेल तर पुसून टाकलेलंच बरं. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यापासून ‘11 टाकून द्या’ म्हणत येणारे वाढले आहेत. पण मशीन पात्र असेल तर 11 सुद्धा आतूनच चढवता येतं, फायली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी ठेवून.

नवीन लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक सांभाळावं. त्यांची डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. दुरुस्तीच्या वेळी मशीन 48 अंकी रिकव्हरी की मागतं आणि ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात असते. कॉलेजला जाणाऱ्या पोरांचे लॅपटॉप कधी कधी विकणाऱ्यानंच घाईत कुठल्यातरी ईमेलवर सुरू करून दिलेले असतात. ते खातं कुणाचं आहे ते आजच बघा, की कागदावर उतरवून कपाटात ठेवा. की नसेल तर आम्हालाही काही करता येत नाही.

मशीन दुरुस्तीला द्याल तेव्हा पावतीवर लिहून घ्या: ‘न विचारता फॉरमॅट करू नये.’ डेस्कटॉपवर काय आहे आणि कोणत्या प्रोग्रॅमवर तुमचं पोट चालतं, तेही सांगा. आणि दुरुस्ती करणाऱ्याला एक रात्र द्या, त्या रात्रीचे पैसेही द्या.